सातच्या आधीचं बटण

सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी टेस्टरबाई खुर्चीत पुढे सरकल्या. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत रोज या वेळी चार ओळी उमटायच्या, चारही उत्तराच्या. आजही चार ओळी आल्या, पण त्या सांगत होत्या की वाट पाहिली, वेळ संपली, उत्तर नाही.

त्यांनी तीच कमांड पुन्हा दिली. पुन्हा तेच.

"अहो," त्या म्हणाल्या, पण इतक्या हळू की बाहेरच्या खोलीत जुन्या पुस्तकाला टाके घालत बसलेल्या नवऱ्याला काही ऐकू गेलं नाही.

आता हे प्रकरण नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर कुणी म्हणेल, कॉम्प्युटर एक दिवस बोलला नाही म्हणून का कुणाचा जीव टांगणीला लागतो?

टेस्टरबाई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेस्टच्या टेबलावर होत्या. कुणाचा फोन बंद पडला की तक्रार त्यांच्यापुढे यायची. कानाला हेडफोन लावून, समोरच्या बोर्डात वायर खुपसून, काटा किती हलतो ते बघून त्या लाइनमनला सांगायच्या, "खांबापर्यंत सगळं ठीक आहे, बिघाड घरात आहे." लाइनमन सायकलवर टांग मारायचा आणि बिघाड घरातच सापडायचा. या कामाने त्यांना टेस्टरबाई हे नाव दिलं आणि एक नियम दिला, तो त्यांनी नव्या पोरींना पहिल्या दिवशी पाठ करायला लावला: गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, लाईनीला विचारायचं. गिऱ्हाईक घाबरलेलं असतं, चिडलेलं असतं, कधी रिसीव्हरच नीट ठेवलेला नसतो. तार खोटं बोलत नाही. नियम उत्तम होता. पण उत्तम नियमाचंही एक असतं, तो कचेरीतून घरी आणला की घरच्या माणसांवर चालवला जातो.

त्यांना एकच भाऊ. नाव बारक्या, उंची सहा फूट. लहानपणी काडीसारखा होता म्हणून पडलेलं नाव पुढे अंगाला आखूड झालं तरी बदललं नाही. लग्न केलं नाही, चार तासांच्या अंतरावरच्या दुसऱ्या गावात कॉम्प्युटर शिकवायचा, आई त्याच्याकडेच असायची. आठ वर्षांपूर्वी त्याने आपल्या घरच्या इंटरनेटच्या डब्याला एक नाव देऊन ठेवलं आणि ताईला शिकवलं, "हे बघ, काळी खिडकी उघडायची, पिंग लिहायचं, पुढे हे नाव. पिंग म्हणजे आपण नुसतं विचारतो, आहेस का? तिकडून डबा म्हणतो, आहे. मी झोपताना भिंतीवरचं मोठं बटण बंद करतो, म्हणजे डबाही बंद. सकाळी उठलो की सातच्या आत चालू. म्हणजे सात वाजता उत्तर आलं की समज, मी उठलो, दोन पायांवर उभा आहे, हात बटणापर्यंत पोचलाय. उगाच सकाळी सकाळी फोन करून माझी झोप मोडू नकोस."

ही तेव्हा चेष्टा होती. सहा वर्षांपूर्वी आई गेली आणि चेष्टेचं काम सुरू झालं.

आई एकोणीस दिवस आजारी होती. टेस्टरबाई रोज संध्याकाळी फोन करून विचारायच्या आणि बारक्या म्हणायचा, "ठीक आहे." विसाव्या दिवशी आई गेल्याचाच फोन आला. मागून कळलं, आईनेच त्याला बजावलं होतं. टेस्टरबाईंच्या मुलीचे दिवस भरत आले होते, तिची तब्येत नाजूक होती. "तिला लेकीजवळ राहू दे, तिला कळवलंस तर माझं तोंड बघू नकोस," असं आई म्हणाली होती, आणि बारक्या आयुष्यभर आईच्या शब्दाबाहेर गेला नव्हता. पण हे कळायच्या आधी, भरल्या घरात, आईच्या उशाशी उभं राहून टेस्टरबाई बोलून गेल्या, "मला आईचं तोंड बघू दिलं नाहीस. माझ्यापुरता आईबरोबर तूही गेलास."

एक घाव दोन तुकडे. बारक्याने नुसती मान खाली घातली. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

महिन्याभरात टेस्टरबाईंना ते वाक्य गिळता येईना आणि परत घेता येईना. त्या फोन उचलायच्या आणि ठेवायच्या. मग एका सकाळी त्यांनी काळी खिडकी उघडून त्याच्या घराचं नाव लिहिलं. चार ओळी आल्या. त्याने नाव काढून टाकलेलं नव्हतं, डब्याचं तोंड बंद केलेलं नव्हतं. त्या बाहीने डोळे पुसत हसल्या. तेव्हापासून रोज सकाळी सातला एकदा, आणि रात्री साडेनऊला एकदा, तेव्हा उत्तर आलं नाही की त्या म्हणायच्या, झोपला. नवरा विचारायचा, "मग आज काय म्हणाला मेहुणा?" त्या म्हणायच्या, "बेचाळीस मिलिसेकंद." एवढ्या बोलण्यावर भावाबहिणीने सहा वर्षं भागवली.

आणि खरं सांगायचं तर याच चार ओळींनी घात केला. रोज सकाळी त्या ठरवायच्या, आज फोन करायचा, ते वाक्य परत घ्यायचं. मग उत्तर यायचं आणि वाटायचं, आहे की तो, धडधाकट आहे, घाई कसली. भाऊ "ठीक आहे" म्हणत राहिला म्हणून त्याच्याशी भांडलेली बाई सहा वर्षं एका डब्याच्या "ठीक आहे"वर विसंबून होती. ही गोष्ट त्यांना कुणी तोंडावर सांगितली नव्हती. सांगायची हिंमत नवऱ्यात होती, पण तो योग्य वेळेची वाट बघत बसला, बाइंडर लोकांना खळ सुकायची वाट बघायची सवय असते.

तर आज उत्तर नव्हतं.

टेस्टरबाईंनी हात मांडीवर ठेवले आणि दोन श्वास घेतले. टेस्टच्या टेबलावर पहिली गोष्ट ही की लाईन मेली म्हणण्याआधी आपलं यंत्र जिवंत आहे का ते बघायचं. त्यांनी सगळं जग रोज उघडतं त्या एका मोठ्या वेबसाईटचं नाव लिहून पिंग केलं.

उत्तर नाही.

त्यांच्या छातीवरचं ओझं एकदम अर्धं झालं. ती वेबसाईट बंद पडली असती तर आतापर्यंत बोंब झाली असती.

"अहो, तुमच्या फोनवर बातम्या दिसतायत का?"

"दिसतायत. वाचण्यासारखं काही नाही."

"घरच्याच नेटवर ना?"

"मग काय शेजाऱ्याच्या? का गं?"

म्हणजे नेट चालू होतं आणि पिंग सांगत होतं की जग मेलं. यंत्र खोटं बोलत होतं. त्यांनी नवऱ्याला तसं सांगितलं. नवरा हातातली सुई दोऱ्यासकट खाली ठेवून दारात आला. त्याच्या बोटांना खळ लागली होती.

"बारक्याचं उत्तर नाही?"

"कुणाचंच नाही. पिंग बिघडलंय."

"मग त्याला फोन कर."

"पिंग बिघडलंय म्हणतेय ना! त्याचं काही झालेलं नाही, माझ्याकडे काहीतरी झालंय. आधी ते बघते."

आणि त्या बघू लागल्या. त्यांनी आधी हॉलमधला डबा बंद करून चालू केला. त्याचे दिवे एकेक करून लागायला पाच मिनिटं गेली, फरक शून्य. डब्याच्या मागची वायर काढून, फुंकर मारून, पुन्हा बसवली. मग स्वतःच्याच कॉम्प्युटरला पिंग केलं, म्हणजे आपणच आपल्याला हाक मारायची. उत्तर क्षणात आलं. मग हॉलमधल्या डब्याला, तीन पावलांवरच्या. उत्तर नाही. ज्या डब्यातून सगळं इंटरनेट घरात येत होतं तो डबा पिंगला ओळख दाखवायला तयार नव्हता. वाटेतले टप्पे मोजणारी दुसरी कमांड दिली, तिने पहिल्या पायरीपासून चांदण्या दाखवायला सुरुवात केली, एक चांदणी म्हणजे एक न मिळालेलं उत्तर. नावावरून नंबर शोधणारी तिसरी कमांड मात्र निमूट चालली, तिने बारक्याच्या घराचा नंबर बिनचूक काढून दिला. टेस्टरबाईंनी हे सगळं पाठकोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहिलं. हाताला जुनं काम लागलं होतं. पावणेआठ कधी वाजले ते कळलं नाही.

नवऱ्याने चहा आणून ठेवला. "फोन कर," तो म्हणाला.

"झालंच. बिघाड कुठे आहे ते कळलंय. हाक माझ्या कॉम्प्युटरच्या बाहेरच पडत नाहीये, दारातच कुणीतरी अडवतंय."

"कोण अडवतंय?"

त्या थबकल्या. मग कपाळावर हात मारून त्यांनी मुलीला फोन लावला. काल संध्याकाळी मुलगी येऊन गेली होती आणि जाता जाता आईच्या कॉम्प्युटरवर एक नवा राखणदार बसवून गेली होती, चोरापोरांपासून सांभाळणारा.

"आई, मी कामावर निघालेय, काय झालं?"

"काल बसवलेला तो तुझा राखणदार. त्याने माझं पिंग अडवलंय."

"अरे देवा. त्याने विचारलं होतं, हे नेटवर्क घरचं की बाहेरचं. मी बाहेरचं म्हटलं. त्यात तो जास्त कडक राहतो, ओळखीचं-अनोळखी काही बघत नाही."

"घरात बसून बाहेरचं म्हटलंस?"

"तुझ्या भल्यासाठी गं. तू कुठल्याही मेलवर टिचकी मारतेस."

"भीक नको पण कुत्रं आवर. ते बदलायचं कुठे, ते सांग."

मुलीने सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाली, "आई, मामाला सरळ फोन का नाही करत तू? सहा वर्षं झाली. माझी पोरगी शाळेत जायला लागली, तिने मामाआजोबा बघितलेला नाही."

"ठेवते," टेस्टरबाई म्हणाल्या.

राखणदाराच्या पोटात शिरून ती एक खूण बदलायला वीस मिनिटं गेली, कारण बदलल्यावर त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू करायला लावला आणि चालू होताना कॉम्प्युटरला आपली सगळी राहिलेली कामं आजच आठवली. आठ वाजून वीस मिनिटांनी काळी खिडकी पुन्हा उघडली. हॉलमधला डबा: चार ओळी, उत्तर. मोठी वेबसाईट: चार ओळी, उत्तर. टेस्टरबाईंनी टेबलावर थाप मारली. गार झालेल्या चहाचा एक घोट घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि त्या दोन मिनिटांत त्यांना खरोखर आनंद झाला होता. ते त्या पुढे स्वतःला कधी विसरू देणार नव्हत्या.

मग त्यांनी बारक्याच्या घराचं नाव लिहिलं.

वाट पाहिली, वेळ संपली. चार वेळा.

पुन्हा लिहिलं. अक्षर चुकलं असेल म्हणून एकेक अक्षर बोट ठेवून बघितलं. पुन्हा चार वेळा तेच. टप्पे मोजणारी कमांड दिली. आता ती चांगली धावली: त्यांचं घर, त्यांचं गाव, मधलं मोठं शहर, बारक्याचं गाव. त्याच्या गावापर्यंत रस्ता साफ होता. त्यानंतर चांदणी, चांदणी, चांदणी.

एकतीस वर्षांत हजारो वेळा काढलेलं वाक्य त्यांच्या तोंडी आलं आणि त्यांनी ते तोंडातच ठेवलं. खांबापर्यंत सगळं ठीक आहे, बिघाड घरात आहे.

"काय?" नवरा पाठीमागे उभा होता.

"वीज गेली असेल त्याच्याकडे."

"असेल."

"किंवा उठायला उशीर झाला असेल. वय झालं त्याचंही."

"सहा वर्षांत झाला कधी?"

"एकदा आणखी बघते. पाच मिनिटांनी."

पाच मिनिटांनी बघितलं. आणखी पाच मिनिटांनी बघितलं. नवऱ्याने खुर्चीची पाठ धरून खुर्ची टेबलापासून मागे ओढली, बायकोसकट. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने असलं काही केलं नव्हतं.

"तुला वाटतं तो फोन उचलणार नाही म्हणून तू घाबरतेस," तो म्हणाला. "तसं नाहीये. तो उचलेल म्हणून तू घाबरतेस. उचलला तर तुला बोलावं लागेल. म्हणून सकाळपासून त्या यंत्राचं बाळंतपण करत बसलीस. मी हे तुला पाच वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, माझंही चुकलं. आता फोन लाव, नाहीतर मी लावतो."

 टेस्टरबाईंनी फोन घेतला. नंबर शोधावा लागला नाही. नऊला दहा कमी होते.

घंटा बराच वेळ वाजली.

"हॅलो," बाईचा आवाज आला, दबका. "कोण बोलतंय? इथे 'ताई' असं नाव आलंय."

"मी... हा फोन ज्याचा आहे त्याची बहीण. तो कुठे आहे? तुम्ही कोण?"

"मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. शिवणकाम करते." आवाज थांबला. "तुम्हीच का त्या सातच्या बाई?"

"काय?"

"बाई, आम्ही हॉस्पिटलात आहोत. ते गेले अकरा दिवस इथे आहेत. छातीत पाणी झालंय, हृदय साथ देत नाही."

"अकरा दिवस कसे असतील?" टेस्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला. "काल सकाळी तो घरी होता. परवाही होता. रोज सातला उत्तर..."

"ते बटण मी दाबत होते," शिवणकामवाली म्हणाली.

टेस्टरबाईंनी टेबलाची कड धरली.

"ॲम्ब्युलन्समध्ये चढवत होते तेव्हा त्यांनी माझ्या हातात किल्ली दिली. म्हणाले, रोज सातच्या आत वर जाऊन भिंतीवरचं मोठं बटण दाबायचं आणि रात्री नऊला बंद करायचं. मी म्हटलं, अहो, चालूच ठेवते की, माझे गुडघे दुखतात, कशाला रोज वर-खाली? तर म्हणाले, नाही, रात्री बंद झालंच पाहिजे, नाहीतर तिला शंका येईल. ती साडेनऊला बघते, कधी जागरण झालं की दिसते मला. मी म्हटलं, कोण ती? म्हणाले, सातला येते एक. डब्याच्या नोंदीत दिसते, सहा वर्षं, एक दिवस चुकली नाही. मी म्हटलं, तिला फोन करून कळवू का? तर हात जोडले त्यांनी. म्हणाले, तिला त्रास होईल, मी बरा होऊन घरी जाईन. तीन दिवसांपूर्वीपर्यंत मला रोज विचारायचे, दाबलं का."

 नवऱ्याने फोनवरचं स्पीकरचं चिन्ह दाबलं होतं आणि तोही ऐकत होता.

"आज पहाटे मला इथून बोलावलं, तशी मी धावत आले," शिवणकामवाली म्हणाली. "त्या गडबडीत बटण राहिलं, बाई. आत्ता थोड्या वेळापूर्वी आठवलं. मला माफ करा."

"तो कसा आहे?"

"बोलत नाहीत आता. डोळे मिटलेले आहेत. डॉक्टर म्हणाले, कुणी आपलं असेल तर लवकर बोलवा. मी कुणाला बोलावणार? यांचा फोन मला उघडता येत नाही, आणि तुमचं नावही माहीत नाही."

"ऐकू येतं का त्याला?"

"नर्स म्हणते, येत असेल. कानाशी धरू का फोन?"

"धरा," टेस्टरबाई म्हणाल्या.

काहीतरी घासल्यासारखं झालं आणि मग एक श्वास ऐकू आला, खरखरीत, मधे मधे अडणारा. त्या नुसत्या ऐकत राहिल्या. तिकडून कुणी काही म्हणेल याची वाट बघत राहिल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तिकडून आता काही येणार नाही. जे काय जायचं ते इकडूनच जायचं होतं.

"बारक्या," त्या म्हणाल्या. "मी ताई आहे रे."

श्वास.

"मी त्या दिवशी बोलले ते चुकीचं बोलले. तू आईचा शब्द पाळलास. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तू गेलास असं मी म्हटलं, ते मी परत घेते. ऐकतोयस ना? परत घेते. सगळ्यांसमोर बोलले होते, सगळ्यांसमोर परत घेईन. आम्ही निघालोय. फोन ठेवत नाही मी, असाच राहू दे."

नवऱ्याने तोवर नाक्यावरच्या गाडीवाल्याला बोलावलं होतं. त्याने बायकोच्या चपला तिच्या पायांपुढे आणून ठेवल्या, तिच्या दंडाला धरून जिन्याने खाली नेलं, गाडीत बसवलं. टेस्टरबाई बोलत होत्या. फोनची चार्जिंगची वायर गाडीत खुपसून त्या बोलत होत्या. मध्येच दोनदा संबंध तुटला, दोन्ही वेळा त्यांनी पुन्हा लावला आणि शिवणकामवालीने काही न विचारता फोन पुन्हा त्याच्या कानाशी धरला.

सहा वर्षांचं बोलणं साठलेलं होतं, ते त्यांनी उलट्यासुलट्या क्रमाने सांगून टाकलं. नात पहिलीत गेली, तिची उंची तुझ्यावर जाणार. माझा मोतीबिंदू काढला, आता लांबचं चांगलं दिसतं. तुझे भावोजी मला तुझ्या नावाने चिडवतात. तू नोंदीत बघत होतास तर एक दिवस तरी मला फोन का केला नाहीस, गाढवा? मग त्यांनीच उत्तर दिलं, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, दोघांचाही, आईचा पीळ तो. नवरा खिडकीबाहेर बघत होता. गाडीवाला अनोळखी माणूस, पण त्याने गाणी बंद केली होती आणि पुढे कुणी आडवं आलं तरी भोंगा वाजवत नव्हता.

सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. आपण सातलाच फोन केला असता तर आत्ता कुठे असतो, याचं गणित टेस्टरबाईंनी एव्हाना मांडून ठेवलं होतं. हॉस्पिटलात. त्याच्या खाटेशी. ते गणित सोपं होतं आणि पुढे कितीही वेळा मांडलं तरी उत्तर बदलणार नव्हतं.

बोलणं आता लहानपणात शिरलं होतं.

"आणि सायकल आठवते? मी मागून धरली होती आणि तू म्हणत होतास, सोडू नको, सोडू नको. मला काय दुर्बुद्धी झाली कुणास ठाऊक, मी सोडली तर सोडली, वर एक धक्का मारला. तू उतारावरून थेट इस्त्रीवाल्याच्या टपरीत. त्याच्या सगळ्या पांढऱ्या शर्टांवर तू, तुझ्यावर सायकल, तुझ्या गुडघ्याचं रक्त त्या शर्टांवर. तो इस्त्रीवाला लालबुंद. त्याने तुला उचलून उभं केलं आणि विचारलं, कुणी ढकललं रे तुला? मी कोपऱ्यावर उभी..."

"बाई," फोनमधून शिवणकामवालीचा आवाज आला. ती रडत नव्हती, फार हळू बोलत होती. "बाई, आता थांबलात तरी चालेल."

नवऱ्याने मान वळवून बायकोकडे बघितलं.

टेस्टरबाई थांबल्या. 

"तसाच धरा फोन," त्या म्हणाल्या. "थोडंच राहिलंय." आणि पुन्हा आधीच्याच आवाजात बोलू लागल्या. "तू सहा वर्षांचा होतास, बारक्या. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. म्हणालास, कुणी नाही, मीच पडलो. घरी आईलाही तेच सांगितलंस. मी ढकललं होतं. मी हे कुणाला कधीच सांगितलं नाही, आज सांगते."

मग त्यांनी फोन मांडीवर ठेवला, चालूच. नवऱ्याने त्यांचा हात आपल्या खळीच्या हातात घेतला.

गाडीवाल्याने आरशातून दोघांकडे बघितलं, त्याला काय समजायचं ते समजलं, आणि त्याने वेग कमी केला.

"हळू करू नका," टेस्टरबाई म्हणाल्या. "त्याच्याजवळ आत्ता घरचं कुणी नाही."